कोमा : अंदाजाचे शास्त्र आणि धीराची कसोटी

अतिदक्षता विभागाच्या बंद दाराबाहेर बसलेल्या प्रत्येक कुटुंबाच्या ओठांवर एकच प्रश्न असतो : शुद्धीवर येतील ना? प्रश्न लहान आहे. पण त्याचे उत्तर देणे हे वैद्यकशास्त्रातील अत्यंत अवघड कामांपैकी एक आहे. हृदयविकाराचा झटका येऊन हृदय थांबले व पुन्हा सुरू झाले, रस्त्यावरील अपघातात डोक्याला मार लागला, मेंदूत रक्तस्राव झाला, अशा प्रत्येक प्रसंगी रुग्ण डोळे मिटून निश्चल पडलेला दिसतो. बाहेरून सारे सारखेच. आत मात्र एकाचा मेंदू विश्रांती घेऊन परतण्याच्या वाटेवर असतो, तर दुसऱ्याचा परतीचा मार्ग तुटलेला असतो. या दोघांतील फरक ओळखायचा कसा, किती दिवसांत ओळखायचा आणि ओळखण्यात चूक झाली तर काय, या तीन प्रश्नांभोवती गेल्या पन्नास वर्षांचे संशोधन फिरत आले आहे.

निद्रा नव्हे, मृत्यूही नव्हे

जागे राहणे आणि जाणीव असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेंदूच्या तळाशी असलेल्या मस्तिष्कस्तंभातून वर जाणारे मज्जातंतूंचे एक जाळे संपूर्ण मेंदूला जागे ठेवते, हे १९४९ मध्ये मोरुझ्झी आणि मॅगून या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. जाणीव मात्र या जाळ्याबरोबरच मेंदूच्या वरच्या थरांवर अवलंबून असते. मस्तिष्कस्तंभातील हे जाळे निकामी झाले किंवा मेंदूच्या दोन्ही गोलार्धांना एकाच वेळी मोठी इजा झाली, तर माणूस कोमात जातो. त्याचे डोळे उघडत नाहीत, हाक ऐकून तो प्रतिसाद देत नाही, चिमटा काढला तरी जागा होत नाही.

खरा कोमा फार काळ टिकत नाही. साधारणपणे दोन ते चार आठवड्यांत रुग्ण दगावतो, शुद्धीवर येतो, अथवा तिसऱ्याच एका अवस्थेत जातो. या तिसऱ्या अवस्थेत डोळे उघडतात, झोप आणि जाग यांचे चक्र सुरू होते, श्वास आपला आपण चालतो. पण समोरच्या व्यक्तीची, स्वतःची जाणीव असल्याची कोणतीही खूण दिसत नाही. १९७२ मध्ये ब्रायन जेनेट आणि फ्रेड प्लम यांनी या अवस्थेला 'व्हेजिटेटिव्ह स्टेट' हे नाव दिले. पुढे २००२ मध्ये आणखी एक अवस्था स्वतंत्रपणे नोंदवली गेली. त्यात जाणिवेच्या पुसट, पण निश्चित खुणा दिसतात : डोळे हलत्या वस्तूचा पाठलाग करतात, एखाद्या वेळी सांगितल्याप्रमाणे बोट हलते, दुसऱ्या वेळी हलत नाही. तिला 'किंचित जाणिवेची अवस्था' म्हणता येईल.

या साऱ्यांपासून मेंदूमृत्यू पूर्णपणे वेगळा आहे. त्यात मस्तिष्कस्तंभासह मेंदूचे कार्य कायमचे थांबलेले असते. भारतात १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार चार डॉक्टरांच्या मंडळाने किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करून तो प्रमाणित करावा लागतो. कोमातील रुग्ण जिवंत असतो. मेंदूमृत झालेली व्यक्ती वैद्यकीय दृष्टीने मृत असते. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरले गेले की कुटुंबांच्या मनात फार मोठा गोंधळ माजतो.

अशाच एका शब्दगोंधळाने महाराष्ट्राला चार दशके सोबत केली. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ मध्ये झालेल्या हल्ल्यात त्यांच्या मेंदूचा प्राणवायू तुटला. वृत्तपत्रांनी त्यांचा उल्लेख वर्षानुवर्षे 'कोमातील अरुणा' असा केला. वस्तुतः त्या कोमात नव्हत्या. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तीन डॉक्टरांनी त्यांची अवस्था व्हेजिटेटिव्ह स्टेटची असल्याचे नोंदवले. मात्र त्या आपली आवडनिवड चेहऱ्यावरील भावांतून आणि आवाजातून दाखवतात, असे त्यांची शुश्रूषा करणाऱ्या रुग्णालयाचे म्हणणे होते. वैद्यकीय तपासणीला जे दिसते आणि रोज घास भरवणाऱ्या हातांना जे जाणवते, त्यांतील हे अंतर पुढे जगभरच्या संशोधकांसमोरचा मध्यवर्ती प्रश्न ठरणार होते.

ग्लासगोची मोजपट्टी

पूर्वी डॉक्टर बेशुद्धीचे वर्णन आपापल्या शब्दांत करीत. 'गुंगीत आहे', 'खोल बेशुद्ध आहे', 'अर्धवट शुद्धीत आहे' असे शेरे एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात जाताना आपला अर्थ हरवून बसत. १९७४ मध्ये स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरातील ग्रॅहॅम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी एक साधी मोजपट्टी मांडली. डोळे उघडण्याला जास्तीत जास्त ४ गुण, बोलण्याला ५ आणि हालचालीला ६ असे आज तिचे स्वरूप आहे. एकूण १५ गुण म्हणजे पूर्ण शुद्ध. ३ गुण म्हणजे कोणताही प्रतिसाद नाही. ८ किंवा त्याहून कमी गुण असलेला रुग्ण सर्वसाधारणपणे कोमात धरला जातो. पुढच्याच वर्षी जेनेट यांनी मायकेल बाँड यांच्यासह दुसरी मोजपट्टी दिली. रुग्ण काही महिन्यांनी कोणत्या स्थितीला पोहोचला, हे ती सांगते.

या दोन पट्ट्यांनी भाकिताचा पाया घातला. पहिल्या दिवशीचे गुण आणि सहा महिन्यांनंतरची स्थिती यांची हजारो रुग्णांमध्ये सांगड घालणे आता शक्य झाले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'क्रॅश' या अभ्यासात डोक्याला मार लागलेल्या १०,००८ रुग्णांची माहिती वापरून भाकिताची सूत्रे तयार करण्यात आली. वय, ग्लासगो गुण, प्रकाश टाकल्यावर बाहुल्या आकुंचन पावतात की नाही, शरीराच्या इतर भागांना झालेली मोठी इजा आणि सीटी स्कॅनमधील निष्कर्ष या माहितीवर ती आधारलेली आहेत. संशोधकांनी श्रीमंत देशांसाठी एक आणि अल्प-मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी दुसरे, अशी वेगळी सूत्रे दिली, कारण सारखीच इजा झालेल्या दोन रुग्णांचे भवितव्य दोन ठिकाणी सारखे नसते. भारतासारख्या देशात, जिथे एकट्या २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांनी प्राण गमावल्याची सरकारी नोंद आहे, हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो.

अशी सूत्रे समूहाविषयी बोलतात, व्यक्तीविषयी नाही. 'शंभरांतील सत्तर रुग्ण दगावतात' असे सूत्र सांगते. समोरचा रुग्ण त्या सत्तरांतला की उरलेल्या तिसांतला, हे ते सांगू शकत नाही.

तीन दिवसांची मर्यादा

हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या रुग्णांच्या बाबतीत भाकिताचे शास्त्र सर्वांत पुढे गेले आहे. १९८५ मध्ये अमेरिकेतील डेव्हिड लेव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूला प्राणवायू न मिळाल्याने कोमात गेलेल्या २१० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बाहुल्यांचा प्रतिसाद, डोळ्यांची व हातापायांची हालचाल यांसारख्या साध्या खुणांवरून पहिल्या काही दिवसांत बरेच काही कळू शकते, हे त्यातून दिसले. त्यानंतर जी नियमावली तयार झाली, तिच्यानुसार तिसऱ्या दिवशीही वेदनेला हातपायांचा योग्य प्रतिसाद नसणे ही वाईट परिणामाची जवळजवळ निश्चित खूण मानली गेली.

परंतु एकविसाव्या शतकाच्या आरंभी उपचार बदलले. मेंदूचे रक्षण करण्यासाठी रुग्णाचे शरीर थंड ठेवण्याची पद्धत रूढ झाली आणि त्यासाठी गुंगीची औषधे अधिक प्रमाणात दिली जाऊ लागली. थंड शरीरात ही औषधे हळू निचरतात. परिणामी ज्यांच्या हालचाली तिसऱ्या दिवशी दिसत नव्हत्या, असे काही रुग्ण पुढे शुद्धीवर येऊ लागले. खूण खोटी नव्हती. तिच्याभोवतीची परिस्थिती बदलली होती. जुना नियम नव्या उपचारांत विश्वासार्ह उरला नाही, हा या क्षेत्राला मिळालेला मोठा धडा होता.

म्हणूनच युरोपमधील तज्ज्ञ संस्थांची २०२१ ची मार्गदर्शक तत्त्वे एका खुणेवर विसंबू देत नाहीत. गुंगीच्या औषधांचा प्रभाव ओसरल्याची खात्री करून, किमान ७२ तास उलटल्यावर, तरीही रुग्ण निश्चेष्ट असेल तरच पुढील पुरावे पाहावेत आणि त्यांतील किमान दोन एकाच दिशेला बोट दाखवत असतील तरच 'चांगल्या परिणामाची शक्यता फारच कमी' असे म्हणावे, असा त्यांचा आशय आहे. हे पुरावे वेगवेगळ्या वाटांनी मिळतात. बाहुल्या प्रकाशाला आणि बुबुळ स्पर्शाला प्रतिसाद देत नाही, हा एक. मनगटाजवळील मज्जातंतूला सौम्य विद्युत् स्पंद दिल्यावर त्याचा संदेश मेंदूच्या दोन्ही बाजूंना पोहोचत नाही, हा दुसरा. मेंदूतील विद्युत् लहरींचा आलेख, म्हणजे ईईजी, अत्यंत विकृत असणे हा तिसरा. पेशी नष्ट होताना रक्तात उतरणाऱ्या एका विशिष्ट प्रथिनाचे प्रमाण फार वाढणे, सीटी किंवा एमआरआय प्रतिमांत व्यापक इजा दिसणे आणि शरीराला सतत आचके येत राहणे हे उरलेले पुरावे. न्यायालयात एका साक्षीदाराच्या शब्दावर मोठी शिक्षा देऊ नये, तसा हा न्याय आहे.

आणि पुरावे एकमेकांशी जुळत नसतील तर? तर उत्तर एकच : थांबावे, पुन्हा तपासावे.

स्वतःला खरे करणारे भाकीत

इतकी सावधगिरी का, याचे कारण या क्षेत्रातील एका विलक्षण सापळ्यात आहे. पावसाचा अंदाज चुकला तर दुसऱ्या दिवशी ते कळते, कारण अंदाजाने ढगांवर काही परिणाम होत नाही. कोमाच्या बाबतीत तसे नसते. 'हा रुग्ण वाचणार नाही' असे डॉक्टरांनी सांगितले, कुटुंबाने ते मानले आणि कृत्रिम श्वसनयंत्र काढले, की रुग्ण दगावतो. भाकीत खरे ठरल्याची नोंद होते. तो रुग्ण कदाचित वाचला असता का, हे तपासण्याचा मार्ग मात्र त्याच क्षणी बंद होतो. पुढे त्याच नोंदींवर आधारलेले नवे संशोधन तीच खूण अधिक विश्वासार्ह असल्याचे सांगते. चूक आपला माग पुसत जाते.

२००१ मध्ये अमेरिकेतील कायरा बेकर आणि सहकाऱ्यांनी मेंदूतील रक्तस्रावाच्या रुग्णांबाबत हा धोका स्पष्ट शब्दांत मांडला. रक्तस्राव किती मोठा आहे यापेक्षाही उपचार चालू ठेवले की थांबवले, याचा परिणामावर अधिक प्रभाव पडत होता. अपघातग्रस्तांच्या २०२१ मधील एका मोठ्या अमेरिकी अभ्यासाने दुसरी बाजू दाखवली. दोन आठवड्यांनंतर जे रुग्ण व्हेजिटेटिव्ह स्टेटमध्ये होते, त्यांच्यापैकी ७८ टक्के रुग्ण वर्षभरात जाणिवेकडे परतले आणि ज्यांची पुढील माहिती उपलब्ध होती त्यांतील २५ टक्के रुग्णांना स्थळ-काळ-व्यक्तीचे भान आले. पहिल्या काही दिवसांत ज्यांच्याविषयी आशा सोडली जाते, त्यांच्यासारखेच हे रुग्ण होते.

याचा अर्थ आशा नेहमीच खरी ठरते असा नव्हे. डोक्याला मार लागून कोमात गेलेला तरुण आणि प्राणवायूअभावी कोमात गेलेला वृद्ध यांच्या भवितव्यात मोठे अंतर असते. प्राणवायू तुटल्यामुळे होणारी इजा मेंदूभर पसरलेली असल्याने तिच्यातून परतण्याची शक्यता सामान्यतः कमी असते. खोटी आशाही क्रूर असते. ती कुटुंबाला कर्जात आणि रुग्णाला निरर्थक यातनांत ढकलू शकते. म्हणून शास्त्राने मागितलेला धीर म्हणजे अंतहीन प्रतीक्षा नव्हे, पुरावा पक्व होईपर्यंतची प्रतीक्षा होय. अमेरिकेतील मज्जाविकारतज्ज्ञांच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेनेही पहिल्या २८ दिवसांत अशा सर्व रुग्णांचे भवितव्य सरसकट अंधारमय असल्यासारखे बोलू नये असे सांगितले आणि 'कायमची' हे विशेषण सोडून 'दीर्घकालीन' हा शब्द स्वीकारला.

निश्चल देहातील जागे मन

२००६ मध्ये केंब्रिजच्या एड्रियन ओवेन आणि सहकाऱ्यांनी एका २३ वर्षीय तरुणीवरील प्रयोग प्रसिद्ध केला. अपघातानंतर तिचे निदान व्हेजिटेटिव्ह स्टेट असे झाले होते. स्कॅनरमध्ये झोपवून तिला सांगण्यात आले, 'टेनिस खेळत आहात अशी कल्पना करा', 'आपल्या घरातील खोल्यांतून फिरत आहात अशी कल्पना करा'. निरोगी माणसाच्या मेंदूतील जे भाग अशा कल्पनेने उजळतात, तेच तिच्या मेंदूत उजळले. ती ऐकत होती, समजत होती, सांगितलेले करत होती. फक्त शरीर ते दाखवू शकत नव्हते.

हा एकच अपवाद असावा अशी शंका पुढे फार काळ टिकली नाही. २००९ मध्ये बेल्जियममधील संशोधकांनी दाखवले की, ज्यांना डॉक्टरांच्या चमूने एकमताने व्हेजिटेटिव्ह स्टेटमध्ये धरले होते, अशा ४४ पैकी १८ रुग्णांमध्ये प्रमाणित चाचणी नीट केल्यावर जाणिवेच्या खुणा सापडल्या. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी अतिदक्षता विभागातच साध्या ईईजीच्या साहाय्याने १०४ निश्चल रुग्ण तपासले. 'हात उघडा, मिटा' या सूचनेला त्यांपैकी १६ जणांच्या मेंदूने प्रतिसाद दिला. वर्षानंतर या गटातील ४४ टक्के रुग्ण दिवसाचे आठ तास स्वतःच्या आधारावर राहू शकत होते. प्रतिसाद न देणाऱ्या गटात हे प्रमाण १४ टक्के होते. २०२४ मध्ये अनेक देशांतील केंद्रांनी मिळून केलेल्या अभ्यासात, सूचनेला बाहेरून काहीच प्रतिसाद न देणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांमध्ये असे दडलेले भान आढळले. म्हणजे साधारण चारांत एक.

या निष्कर्षांनी खाटेशेजारचे वर्तनही बदलायला हवे. रुग्णासमोर त्याच्या मृत्यूची, बिलाची, वाटणीची चर्चा करू नये, ही घरातील वडीलधाऱ्यांची जुनी शिकवण आता शास्त्रानेही उचलून धरली आहे.

संशोधनाचे अग्रक्रम

इतके कळूनही अजून कोमावर उपचार असा जवळजवळ नाहीच. डॉक्टर सूज कमी करतात, रक्तदाब सांभाळतात, संसर्ग रोखतात आणि मेंदू आपणहून परतण्याची वाट पाहतात. ही स्थिती बदलावी म्हणून २०१९ मध्ये अमेरिकेतील न्यूरोक्रिटिकल केअर सोसायटीने 'क्युरिंग कोमा' ही मोहीम सुरू केली. तिच्या वैज्ञानिक सल्लागारांनी तीन आधारस्तंभ ठरवले.

पहिला, कोमाचे प्रकार ओळखणे. ताप हे जसे एका रोगाचे नाव नाही, तसा कोमाही एक रोग नाही. कोणता मार्ग तुटला आहे आणि कोणता केवळ मिटला आहे, यानुसार रुग्णांची वर्गवारी झाल्याशिवाय योग्य औषध योग्य रुग्णाला मिळणार नाही. दुसरा, रक्त, प्रतिमा आणि विद्युत् लहरी यांतून मिळणाऱ्या अशा खुणा शोधणे, ज्या केवळ वाईट भवितव्य नव्हे, तर सावरण्याची शक्यताही सांगतील. आजवरचे बहुतेक संशोधन 'कोण वाचणार नाही' याभोवती झाले. 'कोण परत येऊ शकेल' हा प्रश्न मागे राहिला. तिसरा, लहान पण काटेकोर उपचारचाचण्या. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत डोक्याला मार लागलेल्या १८४ रुग्णांना अमँटाडीन हे जुने औषध किंवा निष्क्रिय गोळी चार आठवडे देण्यात आली. औषध घेणाऱ्यांची सुधारणा त्या काळात अधिक वेगाने झाली; औषध थांबल्यावर वेग मंदावला. चमत्कार नव्हे, पण सुधारणेचा वेग वाढवता येतो याचा तो पुरावा होता.

या तिन्हींच्या तळाशी आणखी दोन गरजा आहेत. रुग्णांचा पाठपुरावा काही आठवड्यांऐवजी काही वर्षे व्हावा. आणि जिथे एमआरआय यंत्र नाही, चोवीस तास ईईजी नाही, अशा जिल्हा रुग्णालयांतही वापरता येतील अशी स्वस्त साधने तयार व्हावीत. श्रीमंत देशांच्या नोंदींवर बेतलेले भाकीत तेथील सोयी नसलेल्या रुग्णालयात जसेच्या तसे लावणे ही दुहेरी चूक ठरेल.

कुटुंबाने विचारावे असे प्रश्न

अशा प्रसंगी कुटुंबाच्या हाती सर्वांत मोठे साधन म्हणजे नेमके प्रश्न. कोमाचे कारण काय? गुंगीची औषधे शेवटची केव्हा दिली आणि त्यांचा परिणाम संपला आहे का? मूत्रपिंड किंवा यकृत कमजोर असल्याने ती शरीरात रेंगाळत असतील का? भाकीत एका तपासणीवर आहे की अनेक? त्या सर्व एकच सांगतात का? पुन्हा तपासणी केव्हा होईल? दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेता येईल का? डॉक्टरांवर अविश्वास दाखवण्याचा यात प्रश्न नाही. चांगला डॉक्टर या प्रश्नांचे स्वागतच करतो. घरच्यांना दिसलेली एखादी खूण, विशिष्ट आवाजाला डोळे वळणे किंवा बोटांची हालचाल, वेळेसह लिहून ठेवावी, शक्य असल्यास चित्रित करावी. जाणीव पहिल्यांदा अनेकदा ओळखीच्या माणसासमोरच प्रकटते.

रुग्णाला स्वतःला काय हवे असते, हाही प्रश्न तितकाच मोलाचा आहे. अरुणा शानबाग यांच्याविषयीच्या याचिकेवर २०११ मध्ये निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे पोषण थांबवण्यास नकार दिला. मात्र असाध्य अवस्थेत जीवनाधार काढण्याचा मार्ग कडक अटींसह प्रथमच मान्य केला. मे २०१५ मध्ये, ४२ वर्षांच्या शुश्रूषेनंतर, त्यांचे त्याच रुग्णालयात निधन झाले. २०१८ मध्ये न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य करून प्रत्येक सज्ञान व्यक्तीला आपली इच्छा आधीच लिहून ठेवण्याची मुभा दिली आणि २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सुलभ केली. असा दस्तऐवज आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर करता येतो. प्रत्यक्ष निर्णयासाठी डॉक्टरांच्या दोन मंडळांची संमती लागते. घरातील सर्वांनी शांत वेळी, निरोगी असताना, या विषयावर एकदा तरी बोलावे. अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर ते बोलणे फार जड जाते.

कोमाविषयीचे भाकीत हा भविष्यकथनाचा प्रकार नाही; ती एक जबाबदारी आहे, कारण येथे उच्चारलेला शब्द घटनेचा भाग बनतो. म्हणून या क्षेत्रातील खरे प्रावीण्य लवकर उत्तर देण्यात नाही. किती कळले आहे, किती कळलेले नाही आणि आणखी किती दिवस थांबल्यास काय कळेल, हे कुटुंबाच्या डोळ्यांत पाहून सांगण्यात आहे.